आठवी ‘ब’ला शाबासकी द्यायची नाही

मी तापट आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. भांडुपच्या टेकडीखालच्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवायचे आणि माझा आवाज तीन वर्ग पलीकडे ऐकू जायचा. ‘अक्कल काय घरी ठेवून आलास?’ हे माझं सगळ्यात सौम्य वाक्य. मुलं टरकायची, पण गणितात पास व्हायची. पालक म्हणायचे, बाई कडक आहेत, बरंय. पंधरा वर्षं असं सुखाने चाललं होतं.

मग अडतिसाव्या वर्षी मला एम.एड.ची हुक्की आली. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. मुलुंडच्या आमच्या घराजवळ डी.एड.चं कॉलेज निघणार असं बोललं जात होतं, आणि तिथे शिकवायला एम.एड. लागायचं. मोठ्यांना शिकवायचं, म्हणजे ओरडावं लागणार नाही, असा माझा हिशेब. शाळा सुटली की घाटकोपरला संध्याकाळच्या वर्गाला जायचं, विषय शैक्षणिक मानसशास्त्र. वर्गात सगळे शिक्षकच. दिवसभर पोरांच्या कॉप्या पकडणारे आम्ही तिथे मागच्या बाकासाठी भांडायचो आणि एकमेकांच्या वह्या बिनदिक्कत उतरवायचो. ‘विद्यार्थ्याचे अवधान कसे टिकवावे’ या तासाला तर अर्धा वर्ग घोरत असे.

लेखी परीक्षा कशीबशी पार पडली. राहिला प्रबंध. तो मार्चअखेर द्यायचा आणि मग तोंडी परीक्षा. नाही दिला तर नोंदणी संपली, दोन वर्षं पाण्यात. त्या दोन वर्षांत माझ्या नवऱ्याने इतकी खिचडी खाल्ली होती की ती पाण्यात घालवायची माझी हिंमत नव्हती.

मार्गदर्शक म्हणून मला ज्या मॅडम मिळाल्या त्या फार गोड बोलणाऱ्या. त्यांनी विषय सुचवला : स्तुतीचा गणितातल्या प्रगतीवर होणारा परिणाम. सहा आठवडे आठवी ‘अ’ची रोज स्तुती करायची. हा प्रायोगिक गट. आठवी ‘ब’ला जसं नेहमी शिकवता तसंच शिकवायचं, स्तुतीचा एक शब्द नाही. हा नियंत्रित गट. म्हणजे नुसता तुलनेसाठी ठेवलेला. शेवटी दोघांची एकच चाचणी. ‘अ’ला जास्त मार्क पडले की स्तुतीचा परिणाम सिद्ध.

“स्तुती मोजता आली पाहिजे हं,” मॅडम म्हणाल्या. “तासाला दहा वेळा. आणि वाक्यं ठरलेली.” त्यांनी मला एका कार्डावर चार वाक्यं लिहून दिली : शाबास. छान प्रयत्न. तुझी प्रगती दिसते आहे. मला तुझा अभिमान वाटतो.

पहिली तीन ठीक होती. चौथं माझ्या तोंडातून बाहेरच येईना. घरी नवऱ्यावर सराव केला. तो चहा घेऊन आला, मी कार्ड बघून म्हटलं, “मला तुझा अभिमान वाटतो.” त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “काय मोडलंस?”

सोमवारी ‘अ’मध्ये गेले. पहिल्या बाकावरचा पोरगा फळ्याजवळ आला आणि सात आठे चोपन्न लिहून मोकळा झाला. माझा हात आपसूक वर गेला होता, तो मी केसांकडे वळवला आणि म्हटलं, “छान प्रयत्न.” पोरगा तिथेच उभा, मार कधी पडतोय याची वाट बघत. शेवटी मॉनिटर उठली. “बाई, तुम्हाला बरं नाहीये का?”

तीन दिवसांत बातमी पसरली. बाईंना प्रेशर आहे. बाईंची बदली झाली. बाईंना डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली. एकीने तर टेकडीवरच्या देवीचा अंगारा पुडीत बांधून आणला आणि म्हणाली, “आईने सांगितलंय, कपाळाला लावा आणि कोणाशी बोलू नका.” मी तिला कार्डावरचं तिसरं वाक्य म्हटलं. दुसरं काय करणार?

‘ब’मध्ये मात्र मी माहेरी आल्यासारखी मोकळी व्हायचे. ‘अ’मध्ये गिळलेलं सगळं तिथे बाहेर पडायचं. मॅडमना सांगितलं तर त्या घाबरल्या. “अहो, नेहमीइतकंच ओरडायचं! जास्त ओरडलात तर प्रयोग फुकट जाईल.” म्हणजे गोड बोलायचंही मापून आणि ओरडायचंही मापून. पंधरा वर्षांत मला नोकरी इतकी जड कधी गेली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ‘अ’च्या पाच-सहा आया शाळेत आल्या. सगळ्या मालवणकडच्या, नवरे गिरणीतून सुटून आता मिळेल ते काम करणारे. पुढच्या बाईने पदर खोचला आणि सुरू झाली, “बाईनू, त्या ब-वाल्यांका तुमी वरडतास, आमच्या पोरांका नाय. आमच्या पोरांनी तुमचा काय घोडा मारल्यानी?”

“अहो, मी त्यांना शाबास म्हणते!”

“शाबास म्हणतास आनि सोडून देतास! पोरगो म्हणता, बाईंनी आमची आशा सोडली.”

मला हसावं की रडावं कळेना. शेवटी खरं ते सांगितलं. म्हटलं, माझी परीक्षा आहे, कॉलेजने असंच करायला सांगितलंय, सहा आठवडे धीर धरा, मग सव्याज ओरडेन. त्या लगेच नरमल्या. परीक्षा म्हटल्यावर काय, प्रश्नच मिटला. जाताना एकीने मलाच धीर दिला, “होशात पास, घाबरू नका.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्गांना माहीत, की बाईंची परीक्षा आहे आणि पास-नापास आपल्या मार्कांवर आहे. झालं! ‘अ’ची मुलं तास संपताना सांगू लागली, “बाई, आज नऊच झाल्या. एक राहिली.” मी पटकन कोणालातरी म्हणायचे, मला तुझा अभिमान वाटतो, आणि घंटा व्हायची. मॅडमनी हे ऐकून कपाळाला हात लावला. पण मार्च जवळ आला होता, नवीन वर्ग आणायचा कुठून? “चालू ठेवा,” म्हणाल्या.

आता ‘ब’मधली सदतीस नंबर. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, वडील विक्रोळीच्या कारखान्यात. पाचवीपासून गणितात दरवर्षी वर चढवलेली पोर. वही तपासायला मागितली की ती आधी दोन्ही हातांनी झाकायची आणि मग द्यायची. प्रयोगाआधीच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी चार होते.

पाचव्या आठवड्यात मी फळ्यावर गणित घातलं. सहा मजूर एक भिंत बारा दिवसांत बांधतात, तर नऊ मजूर किती दिवसांत बांधतील? वह्या आल्या. अठरा. अठरा. अठरा. माझं डोकं फिरलं. “अरे दगडांनो, माणसं वाढली म्हणून काम लांबतं? ते मजूर काय भिंतीला टेकून गप्पा मारायला आलेत?” नेहमीइतकंच चाललं होतं. तेवढ्यात सदतीस नंबरची वही हातात आली. आठ. खाली रीत, नीट. आणि बाजूला पेन्सिलीने नऊ छोटी माणसं काढलेली.

मी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. नियम म्हणजे नियम. एक शब्द नाही.

ती जागची हलेना. वही छातीशी धरून उभी. काही मागत नव्हती हो, नुसती उभी होती. आणि मी, जी पलीकडच्या वर्गात चोपन्नला छान प्रयत्न म्हणत होते, ती इथे आठाला गप्प बसले होते. मला माझीच अशी चीड आली की काय सांगू.

“अगं, शाबास!” माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं. “सगळ्या वर्गात तुझं एकटीचं बरोबर आलंय की गं!”

ती घाबरली. “बाई, नीट बघितलंत ना?” तिने विचारलं.

“बघितलं. आठच. जा, बस.”

चाचणी झाली. सदतीस नंबरला सोळा पडले. मी आकडेमोड घेऊन मॅडमकडे गेले आणि प्रामाणिकपणे काय घडलं ते सांगितलं. मॅडमनी मांडून बघितलं. ‘अ’ पुढे होता, पण जेमतेम. त्या एका पोरीला धरलं तर दोन वर्गांतला फरक इतका कमी पडायचा की प्रयोग फसला असंच लिहावं लागणार होतं. गाळलं तर साधत होतं.

“गाळा,” मॅडम म्हणाल्या. “तिची स्तुती झाली, म्हणजे ती नियंत्रित गटातली राहिलीच नाही. शास्त्राला धरूनच आहे. ठेवलीत तर तोंडीला बाहेरचे परीक्षक सर तुम्हाला सोलून काढतील. फेटाळला प्रबंध तर काय करणार?”

मी लाल रेघ मारली. टायपिस्टकडे कागद दिले. सुटले एकदाची, असं वाटलं खरं.

शनिवारी ‘ब’ला चाचणीचे पेपर परत दिले. तास संपल्यावर ती माझ्या मागून जिन्यापर्यंत आली. “बाई, माझे पण मार्क धरले ना? का माझ्यामुळे तुम्ही नापास होणार?”

तिला वाटत होतं, आयुष्यभर चार मिळवणारी आपण, आपण बाईंना बुडवणार. आणि सोळा मिळवून तिने खरंच मला बुडवायची वेळ आणली होती.

“धरले तर!” मी म्हटलं. “तुझे नाही धरणार तर कोणाचे?”

धडधडीत खोटं. जिना उतरले. घरी न जाता तशीच टायपिस्टकडे गेले. त्याने तक्ता टाईप करून ठेवला होता, चार प्रती, मध्ये कार्बन. मी म्हटलं, हा फाडा. तो म्हणाला, बाई, वाट लागेल, मंगळवारी द्यायचंय ना? मी त्याच्या स्टुलावर बसून सगळी सरासरी, सगळी वर्गमुळं पुन्हा काढली. मधून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “खिचडी टाकतो,” आणि एवढंच म्हणाला.

तोंडीला बाहेरचे सर खरंच कडक निघाले. चष्मा नाकावर, पानं उलटताहेत.

“म्हणजे बाई, तुमच्या प्रयोगाप्रमाणे स्तुतीचा परिणाम होत नाही?”

“होतो, सर.”

“कुठे झाला? आकडे तर नाही म्हणतात.”

“ज्या वर्गात करायची नव्हती, तिथे झाला.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, “मग हे लिहिलं का नाहीत?”

“लिहिलंय, सर. तक्त्याच्या खाली, तळटीप.”

त्यांनी पान शोधलं, चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचलं : “नियंत्रित गटातील क्रमांक सदतीस हिची संशोधकाने एकदा स्तुती केली. कारण उदाहरण बरोबर होते.”

त्यांनी ते पुन्हा एकदा मनात वाचलं. मग खिशातलं पेन काढलं आणि सही केली.