अगरबत्तीने दाखवलेली जागा

बालाघाटात माझ्या घरामागच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे. त्या दिवशी तिथे पहिल्यांदाच खरा दणदणीत गिटार अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, येणार होता. लांजीहून माझा मामेभाऊ तो बसने आणणार होता, सोबत मामी. सकाळपासून माझा पाय घरात ठरेना. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला तोंडावर सांगितलं.

भाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्या लोकांचा एकच नियम: बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि तार मारायची. मंडपातल्या शेवटच्या खुर्चीवरचा पाहुणा दचकला की चेकिंग झालं.

मला धास्ती होती ती माइकची. तो माझा नव्हता, गावातच राहणाऱ्या माझ्या काकाजींचा होता. काकाजींनी जन्मभर लग्नाकार्यांत भोंगे लावले, आणि त्यापायी त्यांचे कान गेले. त्यांच्या या जुन्या माइकच्या पोटात मिठाईवरच्या वरखासारखी पातळ पट्टी आहे. मोठ्या स्पीकरचा वारा थेट बसला की पट्टी ताणली जाते, फाटते, मग खेळ खलास. देताना ते म्हणाले होते, "वाऱ्यापुढे धरजो नोको. अन् तूबी उभी राहजो नोको."

म्हणून मी कानांत बोळे घातले. आवाजाच्या मिक्सरवरून माइकला वीज सोडणारं बटण बंद आहे ना, हे तीनदा पाहिलं, कारण जुन्या पट्टीला तीही सोसत नाही. माइक पिशवीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. तेवढ्यात भाऊ आला आणि आल्या आल्या वायर खुपसली.

"अरे, थांब ना! पयले माइकची जागा तं पाहू दे!"

"काहून ओ ताई? आवाज तं आयक!"

मामीने त्याला अडवलं. "नवी मशीन हाय, पयले पूजा." ट्रॅक्टर असो की मिक्सर, मामीच्या हाताचं हळदकुंकू लागल्याशिवाय काही सुरू होत नाही. तिने कुंकू लावलं, अगरबत्ती स्पीकरच्या बरोबर समोर ठेवली, हात जोडले आणि मागे सरली. भावाला वाटलं, झाली पूजा. बटण शेवटपर्यंत फिरवून त्याने तार मारली.

खिडक्या थरथरल्या. "बाई वं!" म्हणत मामीने कान झाकले. मी मात्र अगरबत्तीकडेच पाहत राहिले. सरळ चढणारा धूर पार विस्कटला होता आणि राख खाली पडली होती. हाच तो वारा! इतकी वर्षं मी त्याच्याविषयी नुसती वाचत आले होते, आज तो डोळ्यांनी दिसला.

"अजून मार!" मी ओरडले आणि बाजूने हात लांब करून अगरबत्ती सरकवली. समोर धूर फुटायचा. अगरबत्ती स्पीकरपासून हातभर लांब आणि थोडी कडेला नेली की नुसता थरथरायचा. बस, तीच जागा! अँप बंद करवून मी तिथे माइक लावला, जरा तिरपा वळवला, आणि भावाला बटण पुन्हा शून्यापासून हळूहळू चढवायला लावलं. तो कुरकुरला, पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकून तीच तार पुन्हा पुन्हा मारू लागला. काय आवाज होता तो! जाडजूड, तरी एकेक तार वेगळी. मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचत होते. मामी म्हणाली, "पाह्य, पूजेनं झालं." मी म्हटलं, "हौ मामी, पूजेनंच झालं."

संध्याकाळी माइक परत घेऊन काकाजींकडे गेले. पट्टी शाबूत आहे हे दाखवायला पिशवी सोडू लागले, तर त्यांनी माइककडे पाहिलंच नाही. माझ्या कानाशी दोन बोटं हळूच चोळली.

"आयकू येते?"

"हौ." मी मान डोलावली.

दुसऱ्या कानाशी चोळली. "अन् इकडं?"

"हौ, काकाजी!"

"मंग माइक राहू दे तुह्याचपाशी."

माझे डोळे भरून आले. कान गेल्यापासून ते ओरडूनच बोलायचे; एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यावरचा माझा हौ मात्र मला त्यांना तीनदा ओरडून सांगावा लागला.