तारीख सांगून दिलेलं रक्त

लॅबमध्ये किस्से जमवायला कुणी बसत नाही, ते कपाटातल्या जुन्या रजिस्टरांसारखे आपोआप साचतात. लातूरला वीस वर्षं मी लोकांच्या दंडाला रबर बांधलं, त्यातले हे थोडे.

*

भूकंपानंतर दोनेक वर्षांनी किल्लारीकडचे एक आजोबा आले. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "रक्तातली चरबी बघितली की पुढं हृदयाला धोका आहे का, याचा अंदाज येतो."

"घर पडणार हाय, हे कुणी सांगितलं न्हाई," आजोबा म्हणाले. "आतलं पडणार ते मात्र सांगायलात व्हय!"

आजोबांनी बाही वर केली.

*

मग क्लासेसचं पेव फुटलं. मुलाच्या ॲडमिशनसाठी देगलूरहून आलेले एक वडील स्वतःचा रिपोर्ट बघून खूश! "कोलेस्टेरॉल दोनशे ऐंशी! कितीपैकी, ताई?"

मी समजावून सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. "पोराला बोलू नका. त्याचं बारावीचं वर्ष हाय."

*

समोरच्या क्लासमधले फिजिक्सचे सर दर सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासायला यायचे. वडील आणि थोरले भाऊ, दोघंही पन्नाशीच्या आत हार्ट अटॅकनं गेलेले. सर पंधरा दिवस आधी तारीख घ्यायचे. तेवढे दिवस भजी बंद, चहा बिनसाखरेचा, पहाटे मैदानाला चकरा. रिपोर्ट एकदम नॉर्मल! तो हातात पडला की कोपऱ्यावरच्या गाड्यावरून दोन प्लेट भजी, त्यातली एक मला.

"परीक्षा म्हणल्यावर अभ्यास नको का, ताई?"

मी हसायची आणि भजी खायची. त्याचं आज फार वाईट वाटतं.

शेवटी मी सरांचा हा 'अभ्यास' डॉक्टरांना सांगितला. ते चिडले, "एकदा न सांगता घे त्यांचं रक्त!" त्याच दुपारी सर झेरॉक्सच्या दुकानात दिसले. म्हटलं, "सर, उपाशी नसलात तरी चालेल, आजच देऊन टाका की!"

"छे छे! अभ्यास झाला न्हाई. पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहा."

मी लिहिली.

दुसऱ्याच दिवशी शिकवता शिकवता सर फळ्यापाशी कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

*

त्या तारखेला सकाळी लॅब उघडायला गेले, तर पायरीवर सरांच्या मिसेस बसलेल्या. परवाच तेरावं झालं होतं.

"त्यांची तारीख हाय ना आज? माझं घ्या."

रजिस्टरात सरांचं नाव तसंच होतं. मी रबर बांधलं. सवयीनं विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?"

"तयारी कसलीच केली न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "हाय तसं घ्या."