माडाला बांधलेलं टोक

सन एकोणीसशे एकतीस. मी चोवीस वर्षांचा होतो, निदान आई तसं सांगायची. मुरुडपासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्या आत्यासारखं डूख धरणारं माणूस देवानं दुसरं घडवलेलं नाही, ही माझी तेव्हाच खात्री झाली होती. नागसुद्धा बारा वर्षांनी विसरतो म्हणतात. आत्याला एवढी ढिलाई मंजूर नव्हती. मी दोन बुकं शिकलेला माणूस, मला नटवून लिहिता येत नाही. जे पाहिलं ते सांगतो. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

आत्याच्या वाडीत विहिरीपाशी एक माड होता. त्यानं एकदा तिच्या तुळशीवर नारळ टाकला. त्या दिवसापासून त्या माडाचा नारळ आत्याच्या घरात फुटला नाही. सगळे विकायची, आणि घेणाऱ्याला वर सांगायची, "गोड हाय खोबरं, पण मनाचा वाईट हाय." बंदरावर चाचांचं दुकान. त्यांच्या गुळात एकदा मुंग्या निघाल्या. मग आत्या लांबच्या दुकानात जायला लागली, पण वाट चाचांच्या दारावरनंच. तिथं आली की ती छत्री उघडून त्यांच्या बाजूला आडवी धरायची, ऊन असो नसो. चाचा मोठा दिलदार माणूस. ते रोज त्या छत्रीला सलाम करायचे. "सलाम आत्याबाई, तबियत बरी हाय ना?" आणि छत्रीच्या आडून उत्तर यायचं, "कुत्र्यामांजरांशी बोलत न्हाय मी." न्हाव्याशी तिचं का बिनसलं होतं ते न्हाव्यालाही ठाऊक नव्हतं. बिचारा अंदाजानं माफी मागायचा.

आता सांगा, असल्या बाईचा नवरा पळून गेला तर काय होईल? आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एका सकाळी घरातलं मोठं पातेलं डोक्यावर घेऊन म्हणाले, "अलिबागला जाऊन कल्हई लावून आणतो." ते गेले ते गेलेच. वर्षभरानं गलबतावरच्या खलाशांकडून कळलं की मामा मुंबईत एका खानावळवालीच्या घरी राहतात आणि अंगानं सुटलेत. आत्या रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पातेलं माझ्या बापानं दिलेलं व्हतं." कुंकू मात्र रोज लावायची. कुणी खोचून विचारलं तर म्हणायची, "कपाळ माझं हाय, त्याचं न्हाय."

अडचण एकच झाली. आत्या दोर वळायची. काथ्याच्या सुंभाला सुंभ लावून दोर वळायचा तर दोन माणसं लागतात, दोन टोकांना. पीळ बसतो तसा दोर आखडतो, आणि पलीकडच्यानं बेतानं पाऊल पाऊल पुढं यावं लागतं. नाही आला, तर दोर तुटतो. मामांना ते छान जमायचं. ते गेल्यावर आत्यानं दुसरं टोक त्या विहिरीजवळच्या गुन्हेगार माडालाच बांधलं. मी म्हटलं, मी धरतो. दोन दोर माझ्या हातात तुटले. "तू पाय रोवून उभा ऱ्हातोस," आत्या म्हणाली. "त्यापरीस माड बरा. त्यो निदान उलट बोलत न्हाय." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; तो सुंभ आमच्याच घराण्यात वळलेला असणार.

कारण माझीही तीच कथा. माझी बायको दिवाळीत दिघीला माहेरी गेली. बहिणीच्या मुलाचं बारसं आहे, परवा येते म्हणाली. मागाहून कळलं, बारसं नव्हतंच; बहिणीला मूलच नव्हतं. मला थाप मारून गेली, आणि निरोप पाठवला, "जांभ्या दगडासंगं संसार करून दमले." होळी उलटली, मी आणायला गेलो नाही. रात्री जेवताना पानात माझंच वाढलेलं मलाच गोड लागत नव्हतं, पण ते कुणाला सांगायचं? आत्याचा मला भक्कम आधार. "गेलेल्याच्या मागं जायचं न्हाय. गेलास तर माझ्या अंगणात पाय ठेवू नको."

वैशाखात एका सकाळी आगबोटीवरनं माणसं आणणाऱ्या पडावातून मामा उतरले. अंगानं निम्मे झालेले, आणि डोक्यावर तेच पातेलं. बंदरावरनं आत्याच्या वाडीपर्यंत त्यांच्यामागं जत्रा जमली. चाचा दुकान उघडं टाकून आले. न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून आला, आणि ते गिऱ्हाईकही आलं. मी दांडका घेऊन वाडीच्या दगडी गडग्यापाशी उभा होतो. आत्यानं नुसतं बोट दाखवायचं, मी मामांना खाडीत नेऊन टाकणार होतो.

आत्या दोर वळत होती. तिनं पीळ सोडला नाही. मामांनी पातेलं पुढं केलं. तिनं एका हातानं ते घेतलं, उन्हात धरलं, आत बोट फिरवलं.

"कल्हई कुठं लावली?"

"म्हंमईत."

"इतका येळ?"

मामा खाली बघत म्हणाले, "गर्दी व्हती."

कुणी हसलं नाही. आत्या माडापाशी गेली, गाठ सोडली आणि ते टोक मामांच्या हातात दिलं. "धरा."

मामांनी धरलं. पीळ बसत गेला, दोर आखडत गेला आणि मामा पाऊल पाऊल पुढं येत गेले, विसरलेले नव्हते. दोर पुरा झाला आणि मामा टोक घेऊन हातभर अंतरावर आले तेव्हा आत्यानं त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "दाढी करून या," ती म्हणाली. "पण ह्या न्हाव्याकडं न्हाय. ह्याच्याशी माझं वाकडं हाय."

संध्याकाळी मी भांडायलाच गेलो. "आत्या, एवढी वर्षं मला काय शिकवलंस? आणि त्यांना माफ केलंस?"

"माफ कोण करतंय?" पातेल्यात भात रटरटत होता. "राग हाय तसाच हाय. पण रागालाबी समोर माणूस लागतो. माडावर किती वर्सं रागवायचं रे?" मग भात ढवळत म्हणाली, "त्यो दोर झालाय. उद्या विकून ये."

"मुरुडच्या बाजारात जातो."

"मुरुडला भाव न्हाय. दिघीला बघ."

आत्या-मामा दोघंही आता नाहीत. आत्यानं मामांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, अंथरुणाला खिळली तरी विचारायची, "गर्दी व्हती काय?" आणि मामा तिच्या तोंडात पेजेचा चमचा धरत म्हणायचे, "व्हती बाई, लय व्हती." त्या माडाच्या बुंध्यावर दोराचा करकोचा अजून आहे. मी येता-जाता त्यावर हात ठेवतो.

तर त्या वैशाखात, मामा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि आगरदांड्याला होडीत बसलो. बायकोला आणायला नाही, दोर विकायला; हे मी आजही सांगतो. होडीवाला हसून म्हणाला, "दिघीत दोर कोण घेनार, दादा?"

"वल्हव गपचूप," मी म्हटलं. पण खाडीच्या मध्यावर आल्यावर मागची फळी सोडली आणि दिघीच्या बाजूला, पुढच्या फळीवर जाऊन बसलो.