एकेचाळीस गळत्या

वायसरचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. पाचला विद्यापीठाच्या मोठ्या टाकीची चावी सोडायची असे. चावी एकदम सोडली की पाइपांना हिसका बसतो आणि जुने सांधे सुटतात, म्हणून तो ती अर्धा अर्धा फेरा फिरवी. पुरे बावीस फेरे. मध्ये कोणी हाक मारली तर ओ देत नसे.

तो विद्यापीठाचा प्लंबर. नाव फक्त पगारपत्रकात. नळाच्या पोटात जी रबरी चकती असते ती वायसर. तो ती तक्रार यायच्या आधीच बदलून मोकळा व्हायचा, म्हणून सगळे त्यालाच वायसर म्हणू लागले. मी त्याच आवारात गवंडी. मी भिंत बांधायची आणि वर्षभरात त्याने ती पाइपासाठी फोडायची, असा आमचा एकतीस वर्षांचा संसार.

“मिस्त्री, तुझ्या भिंतीला घाम फुटलाय.”

“तुझा पाइप रडतोय. माझ्या भिंतीला नावं ठेवू नकोस.”

वायसरच्या घरी बायको आणि एक मुलगी. मुलगी आमच्याच विद्यापीठात भूगोल शिकायची. दुसऱ्या वर्षाला असताना आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि आईने अंथरूण धरलं. बापाची ड्यूटी पहाटेची, म्हणून मुलगी घरी राहिली. आई चालायला लागल्यावर ती परत गेली, तर खिडकीवरच्या कारकुनाने नियम दाखवला. खंड बारा महिन्यांपर्यंत चालतो. हिचा चौदा महिन्यांचा. पटावरून नाव उडालं होतं. यायचं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून.

वायसर त्या खिडकीवर अकरा वेळा गेला.

“दोन महिन्यांचाच प्रश्न आहे हो.”

“मग दोन महिने कमी करून आणा.”

मुलगी एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली. काम नीट करायची. पण घरी आल्यावर बोलायची नाही. वायसरला ते लागलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो अर्धी पोळी तशीच गुंडाळून ठेवायचा.

त्याच साली मूल्यांकन आलं. म्हणजे बाहेरून एक समिती येते, विद्यापीठाची गुणवत्ता मोजते आणि श्रेणी देते. श्रेणीवरून यादीतला नंबर ठरतो. आमचा नंबर यादीच्या इतका तळाशी होता की त्याखाली छापखान्याचं नाव होतं.

दोनशे चाळीस पानांचा फॉर्म आला आणि सगळं आवार मोजायला लागलं. झाडांच्या खोडांवर आकडे पडले. ग्रंथालयात पुस्तकं मोजायला वेळ नव्हता, म्हणून एका कपाटातली मोजली आणि कपाटांच्या संख्येने गुणली. त्यात झाडू-फिनेलची दोन कपाटं पण आली. एका प्राध्यापकाने एका लेखाची नावं फिरवून पाच लेख केले. मला अकरा इमारतींवर ‘आमचे ध्येय’ अशा पाट्या बसवायला लावल्या. पाट्या आल्या, मजकूर ठरायचा होता. कोऱ्याच बसवल्या. पातळीत बसवल्या, एवढं मी सांगू शकतो.

सत्त्याऐंशीवा प्रश्न असा होता: ‘गळतीचे प्रमाण किती? कारणे कोणती? रोखण्यासाठी काय उपाय केले?’ जी मुलं शिक्षण मध्येच सोडून जातात त्यांना शिक्षणाच्या कागदांत गळती म्हणतात. हे आम्हाला मागाहून कळलं. कुलसचिवांच्या कारकुनाने प्रश्न कात्रीने कापले आणि ज्याचे त्याला वाटले. गळतीचा कागद आमच्या खात्यात आला. वायसरच्या हातात.

दुसरा कोणी असता तर ‘निरंक’ लिहून चहाला गेला असता. वायसर नऊ दिवस राबला. वसतिगृह, प्रयोगशाळा, उपाहारगृह, मुताऱ्या. प्रत्येक ठिबकत्या जागेखाली मापाची बाटली लावून घड्याळ धरून बसला. दुरुस्ती करून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली लावली. मग लिहिलं: ‘एकूण गळती एकेचाळीस. कारण, दाब जास्त: तेवीस. मुळात जोडणी चुकीची: अकरा. दुर्लक्ष: सात. छत्तीस जागच्या जागी बसवल्या. पाच जुनाट आहेत, वरवरच्या उपायाने थांबणार नाहीत.’

पाठवण्याआधी कोणी वाचलं नाही. दोनशे चाळीस पानं कोण वाचणार? वाचलं ते समितीने. बाकीच्या विद्यापीठांनी ‘सुमारे पाच टक्के’ असं ठोकून दिलं होतं. इथे एकेकाचा हिशेब, कारणासकट. समितीने कळवलं की गळती निवारण कक्षाच्या प्रमुखांना भेटायचं आहे.

असा कक्ष नव्हता. कुलसचिवांनी कागद काढून वाचला आणि घाम पुसला. चूक कबूल करायची तर श्रेणी जाणार. त्यांनी वायसरला बोलावलं.

“आजपासून तुम्ही प्रमुख.”

“कशाचा?”

“गळतीचा.”

“तो मी आहेच की.”

“आणि समितीसमोर नळ हा शब्द काढायचा नाही. त्यांना आवडत नाही.”

वायसरला खोटं बोलता येत नाही ही ख्याती होती. म्हणून त्याला खरं सांगितलंच नाही. तो म्हणाला, “साहेब, माझ्या मुलीचे ते दोन महिने...”

“आधी श्रेणी येऊ दे. मग बघू.”

एका प्राध्यापकाचा कोट आणला. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर राहिल्या. समितीच्या भेटीच्या वेळी मी दाराबाहेरच होतो. काम चालू आहे असं दिसावं म्हणून तिथलं धड प्लास्टर उकरून परत करायला मला बसवलं होतं. त्यामुळे सगळं ऐकू आलं. समितीत एक बाई आणि एक चष्मेवाले सर होते.

“गळती होणार, हे तुम्ही आधी कसं ओळखता?” बाईंनी विचारलं.

“आवाजावरून. आधी नुसती टपटप. कोणी लक्ष देत नाही. ओल दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.”

“किती छान मांडलंत! आणि मुख्य कारण?”

“दाब. वरून सोडणारा सोडून मोकळा होतो. खालच्याला तो झेपतो का, कोण बघतं?”

“म्हणजे खालच्या वर्गांत जास्त?”

“खालीच जास्त. वर पोचेपर्यंत दाब उरत नाही.”

कुलसचिव खोकले. चष्मेवाले सर भराभरा लिहीत होते. “आणि तुम्ही प्रत्येकाकडे स्वतः जाता?”

“वाकून बघितल्याशिवाय कसं कळणार? एकेकापाशी अर्धा तास बसतो.”

“अर्धा तास! आमच्याकडे समुपदेशक दहा मिनिटं देतात.”

“आधी मी पण दहाच द्यायचो. परत गळायची.”

माझ्या थापीतला माल खाली पडला. हसू दाबायला मी तोंडात रुमाल कोंबला.

मग सरांनी विचारलं, “पण जी गळती होऊन गेली, ती परत आणल्याचं एखादं उदाहरण?”

वायसरने कोटाची बाही खाली ओढली. गेलेलं पाणी कोण परत आणणार?

बाईंनी सोपं करून सांगितलं. “म्हणजे शिक्षण सोडून घरी बसलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी, परत वर्गात आली, असं.”

मी दाराच्या फटीतून पाहिलं. वायसर कुलसचिवांकडे बघत होता. कुलसचिव छताकडे बघत होते. वायसरच्या डोक्यात आटे बसायला वेळ लागतो, पण एकदा बसले की सुटत नाहीत.

“एक काम राहिलंय,” तो म्हणाला. “एक मुलगी आहे. भूगोल, दुसरं वर्ष. आईच्या आजारपणात घरी बसली. हुशार आहे. परत यायला तयार आहे.”

“मग अडलंय कुठे?”

“दोन महिन्यांत. खंड बारा महिन्यांचा चालतो, तिचा चौदाचा झाला. मी अकरा वेळा खिडकीवर जाऊन आलो.”

“प्रमुख स्वतः अकरा वेळा गेले?” बाई कुलसचिवांकडे वळल्या. “आणि तरी झालं नाही?”

“झालंय, झालंय,” कुलसचिव म्हणाले. “कक्षाचा प्रस्ताव आलाय. आज सही होणार आहे.”

“आमच्यासमोरच करा ना. अहवालात फोटो घेता येईल.”

कागदच नव्हता. मला आत बोलावून माझी पाटी-थापी बाजूला ठेवायला लावली आणि कोरा कागद आणायला पिटाळलं. कुलसचिवांनी हाताने लिहिलं, सही केली. फोटोत मागे सिमेंटच्या हाताने उभा आहे तो मी. अहवालात खाली छापलंय: ‘कक्षाचे संशोधन सहायक.’

श्रेणी वरची मिळाली. यादीत नंबर साठने चढला. पाच जुनाट गळत्यांसाठी वायसरने पाइप मागितले, तर उत्तर आलं की अहवालात हा भाग उत्कृष्ट ठरला आहे, त्यात आता बदल नको. त्या पाच अजून ठिबकतात.

मुलगी वर्गात बसली. सत्राची फी भरायची वेळ आली तेव्हा वायसरने तीन महिन्यांचे जादा रविवार केले होते, पंपघरातले. पावती घरी आणली. मुलीने वाचली.

“बाबा, ही खाली नवीन ओळ कसली? गळती निवारण शुल्क?”

“सगळ्यांनाच लावलंय म्हणे. कक्ष चालवायला खर्च येतो.”

“कक्षात कोण कोण आहे?”

“मी.”

“तुम्हाला काही देतात त्याचं?”

“मानद आहे ते.”

आई हसायला लागली तर कमरेत कळ आली, तरी थांबेना. वायसरने पावती नीट घडी घालून डब्यात ठेवली. पुढची दोन वर्षं त्याच्या पगारातून मुलीचा भूगोल पुरा झाला, आणि त्याचा स्वतःचा कक्षही त्याने सत्रामागून सत्र चालवला.