माळभिंगरीचा आकडा

वादविवाद स्पर्धेतली भाषणं मुलं स्वतः लिहितात असं ज्यांना वाटतं, ते फार भले लोक आहेत. भाषणं आम्ही लिहितो. प्रत्येक कॉलेजने दोन वक्ते पाठवायचे, एक विषयाच्या बाजूने आणि एक विरोधात, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून करंडक द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. म्हणजे एकाच बाईने एकाच टेबलाशी बसून सकाळी ‘होय’ लिहायचं आणि दुपारी ‘नाही’. अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवता शिकवता मी वीसेक वर्षं हे केलं. विषयाची माहिती मला कधी फारशी लागली नाही. टाळी कुठे पडेल ते मला कळायचं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका स्पर्धेचं पत्रक आलं. विषय होता, ‘अणुअपघातानंतर माणसाने सोडलेला प्रदेश वन्यजीवांसाठी वरदानच ठरला आहे.’ स्टाफरूममध्ये आम्ही पोटभर हसलो. कोणी म्हणालं, आमच्याकडे तर माणूस असूनही रोही आणि रानडुकरं मजेत आहेत, सोयाबीन त्यांच्यासाठीच पेरतात. चेर्नोबिलचं नाव मी ऐकून होते. एक-दोन व्हिडिओ पाहिले, त्यात ओस पडलेल्या गावातून लांडगे फिरत होते, मोकळ्या माळावर घोडे चरत होते. तेवढ्या भांडवलावर ‘बाजूने’चं भाषण एका बैठकीत झालं. ते ज्या मुलाला दिलं त्याचा आवाज खणखणीत होता आणि अर्थाच्या फंदात तो पडत नसे. प्रशिक्षकाला असे वक्ते आवडतात.

विरोधाची बाजू बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी मागून घ्यायला आली. दर्यापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, रोज एसटीच्या पासवर येणारी. याआधी ती कधी स्टेजवर चढली नव्हती. मी विचारलं, “मग आताच काय झालं?” तिने पत्रकावर बोट ठेवलं. तीन परीक्षकांपैकी एकजण पक्ष्यांचा अभ्यास करणारे संशोधक होते. ते दर हिवाळ्यात दोन-तीन विद्यार्थ्यांना पाहणीसाठी सोबत नेतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

“मले त्याईच्या संगं जायचं हाय, मॅडम. अर्ज लिहून ठेवला. हातात द्याले भेटलं तं बरं.”

“मले नाही, मला,” मी म्हटलं. आमच्या तालमीची सुरुवात अशी झाली.

पुढचे पंधरा दिवस मी तिचे ‘ले’ पुसत राहिले. ती बिचारी पुसू देत होती. मध्येच म्हणायची की त्यांच्या गावच्या फाट्यावर थंडीत विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या बसतात, आठवीपासून ती त्या मोजते, बस येईपर्यंत दुसरं करणार काय. चेर्नोबिलच्या वादात याच पक्ष्याचं नाव निघतं हे वाचून तिला कोण आनंद झाला होता. काही अभ्यासकांना तिथल्या माळभिंगऱ्यांच्या अंगावर नको तिथे पांढरी पिसं दिसली होती, त्यांची संख्याही घटलेली वाटली होती. दुसऱ्या अभ्यासकांना ते मोजमापच पटत नव्हतं. हे सगळं तिने वहीत नीट लिहून आणलं. पानापानावर ‘काहींच्या मते’, ‘अजून वाद आहे’, ‘खात्रीने सांगता येत नाही’.

मी वही बाजूला सारली. म्हटलं, “अगं, असं ‘कदाचित, कदाचित’ करत राहिलीस तर लोक झोपतील. विरोधात बोलायचं तर ठोकून बोलायला हवं.” आणि मी ठोकलं. ‘एका नामांकित विद्यापीठाच्या पाहणीनुसार’ असं लिहून मी माळभिंगरीच्या मेलेल्या पिलांची एक टक्केवारी टाकली. ती कुठून आली? कुठूनच नाही. दशांश चिन्ह दिलं की आकडा खरा वाटतो, एवढं मला अनुभवाने माहीत होतं. तो आकडा इथे पुन्हा लिहायची माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. “मॅडम, हे कोठून घेतलं? मी लय शोधलं, भेटून नाही राहिलं.”

मी चिडले. खोटं पकडलं गेलं की मी आधी चिडते, हा माझा जुना स्वभाव आहे, घरचे सांगतील. “परीक्षक काय पिलं मोजायला रशियात जाणार आहेत? मी वीस वर्षं हेच करते आहे. बोलायचं नसेल तर तसं सांग, दुसरी मुलगी बघते.” चेर्नोबिल रशियात नाही हेही तिला माहीत होतं. तरी मान हलवून तिने तो परिच्छेद पाठ केला.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. तिच्या पिशवीत एक खाकी पाकीट होतं, ते दुमडू नये म्हणून तिने पिशवी सगळी वाट मांडीवर उभी धरली होती.

आमचा मुलगा छान बोलला, लांडग्यांना टाळ्या पडल्या. मग ती उठली. सुरुवातीला आवाज कापला, पण माळभिंगरीवर आली तशी उजळली. एक ‘ले’ आला नाही. आकड्याच्या वाक्याशी ती क्षणभर अडखळली आणि मग ते म्हणून टाकलं. सभागृहात हळहळ उठली, अगदी मला हवी होती तशी. मी शेजारच्या प्राध्यापिकेकडे पाहून हसलेसुद्धा.

त्या स्पर्धेत परीक्षकांना वक्त्याला एक प्रश्न विचारायची मुभा होती. पक्ष्यांचे ते संशोधक पुढे झुकले. आवाजात दरडावणी नव्हती, उलट उत्सुकता होती. “ही पाहणी माझ्या वाचनात आली नाही. कोणाची आहे, सांगू शकाल?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत, तिच्या अगदी समोर होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं, ‘तो आकडा माझा आहे.’ मी पर्स उघडली आणि त्यात रुमाल शोधू लागले. रुमाल माझ्या हातातच होता.

“सर,” ती म्हणाली, आणि पंधरा दिवसांची माझी सगळी मेहनत तिच्या तोंडातून गळून पडली. “मी लय शोधलं, पण मले ते कोठीच नाही भेटलं. तरी मी बोलली. चूक माझी हाय.”

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. तिचे गुण गेले, आणि बेरजेत करंडकही गेला. समारोपात ते संशोधक याच वादावर बोलले. म्हणाले, लांडगा मोठा असतो, कॅमेऱ्यात सापडतो, म्हणून तो वाढला हे दिसतं. पिलू न निघालेलं अंडं कोणाला दिसत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक असूनही भांडू शकतात, आणि अशा भांडणात एक खोटा आकडा घुसला की तो दोन्ही बाजूंची वर्षानुवर्षांची मेहनत वाया घालवतो. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या बहुतेक सगळ्यांत मोठ्या होत्या.

इथवरचं मी नंतर एक-दोन जणांना सांगितलं आहे, थोडं हसत, थोडं कान पकडत. पुढचं सांगितलेलं नाही.

कार्यक्रम संपला. ते संशोधक पायऱ्यांपाशी कोणाशी तरी बोलत उभे होते. मुलगी पाकीट हातात घेऊन त्यांच्याकडे निघाली. मला वाटलं होतं ती रडत बसेल, पण ती निघाली होती. आता हा माणूस विचारणार, ‘मग सापडलं नाही तर बोललीस का?’ आणि ही पोर खरं बोलणारी. मी भराभर गेले, तिचं कोपर धरलं आणि म्हटलं, “चल, चल, गाडी सुटेल.” ती म्हणाली, “एकच मिनिट, मॅडम.” मी म्हटलं, “मिनिट नाही. पोस्टाने पाठव.” आणि मुलाला हाक मारून तिला जवळजवळ ओढत फाटकाबाहेर रिक्षात बसवलं. अकोल्याहून मूर्तिजापूर, अमरावतीकडे गाड्यांना तोटा नाही. हे मला माहीत होतं.

एवढ्यावरही भागलं नाही. गाडीत मी तिलाच बोलले. “सापडलं नाही हे सांगायची काय गरज होती? नाव आठवत नाही म्हणायचं.” ती खिडकीबाहेर बघत राहिली. मूर्तिजापूरला दर्यापूरची गाडी धरायला उतरली, तेव्हा खालून खिडकीशी येऊन म्हणाली, “येतो मॅडम.” पाकीट पिशवीतच होतं.

तिने ते पोस्टाने पाठवलं नाही. का पाठवलं नाही, हे मी विचारलं नाही. परीक्षा झाल्या, वर्ष सरलं, ती पदवी घेऊन गेली. दर्यापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते असं कळलं. मी स्पर्धांचं काम सोडलं. सहकाऱ्यांना सांगितलं, पाठ दुखते.

गेल्या उन्हाळ्यात एका कार्यक्रमाच्या निमित्ताने त्या संशोधकांचा फोन नंबर माझ्या हाती आला. चार दिवस तो उशाशी ठेवला आणि मग सकाळीच फोन लावला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाक्यं रचली, पण ते एक वाक्य धड येईना. शेवटी म्हटलं, “तो आकडा मी रचला होता. तिने मला अडवलं होतं.”

ते म्हणाले, “तिने तुमच्याकडे पाहिलं तेव्हाच मला अंदाज आला होता, ताई. तसं भर सभेत कबूल करणारी मुलं मला हवीच असतात. मी पायऱ्यांपाशी तिच्यासाठी थांबलो होतो. ती आली नाही.”

मी विचारलं, आता या हिवाळ्यात तिला घेता येईल का. ते म्हणाले की ती पाहणी त्याच वर्षी संपली, पुढे काही निघालं तर नक्की कळवतील. अजून काही निघालेलं नाही.

त्या रविवारी मी दर्यापूरच्या गाडीत बसले. तिचं घर विचारत गेले. ओसरीवर ती मुलांच्या वह्या तपासत होती, मला पाहून धावत आली, आईला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, आधी ऐकून घे. आणि सगळं सांगितलं. ते तिच्यासाठी थांबले होते हे सांगितलं. त्या दिवशी गाडी सुटत नव्हती, मी घाबरले होते, म्हणून तुला ओढून नेलं, हेही सांगितलं. ती रागावेल, निदान रडेल, अशी मी तयारी करून गेले होते. तेवढी शिक्षा मला चालली असती.

तिने पेनाला टोपण लावलं.

“मले मालूम होतं, मॅडम. मी रोजची बसवाली. दर अर्ध्या तासाले गाडी हाय तिथून.”

“मग आलीस कशाला माझ्याबरोबर?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तुमचा हात लय थरथरून राहिला होता,” ती म्हणाली. “मले वाटलं, सरानं काही इचारलं अन् माह्या तोंडून निघून गेलं, तं तुमी तिथंच पडसान.”

तिची आई चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देत तिने कौतुकाने विचारलं की पोरगी कॉलेजात कशी होती, मॅडम, चांगली बोलायची का. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी हो म्हटलं आणि कप तोंडाला लावला.