ग्रहणात चिरलेला पेरू

माझे सासरे इलेक्ट्रॉन मानत नाहीत. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, इलेक्ट्रॉनची गणितं पोरांकडून घोटून घेतली, पण "तो खरोखर असतो का हो?" असं विचारलं की चष्मा पुसत म्हणणार, "आहे असं धरलं की हिशेब जुळतो. त्यापलीकडे मी काही म्हणत नाही."

मी अकरावी-बारावीला रसायन शिकवते. लग्न होऊन कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये आले त्याच आठवड्यात जेवताना हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, हिशेब जुळतो तो उगाच जुळतो का? मोबाइल चालतो, तुमची ब्लडप्रेशरची गोळी लागू पडते, हे सगळं योगायोगानं? सिद्धांत खऱ्याच्या जवळपास असल्याशिवाय असं रोज कसं होईल?" ते खूश झाले. घरात भांडायला कोणीतरी आलं म्हणून खूश. सासूबाईंनी आमटी वाढता वाढता मला डोळ्यांनी खुणावलं, की आता संपलं, आता हे ताटावरून उठत नाहीत.

त्यांचे मुद्दे तयार असत. उष्णता हा एक वाहणारा पदार्थ आहे असं एके काळी भले भले मानायचे, त्यावर गणितंही सुटायची, आता कुठाय तो पदार्थ? आणि त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे पंचांग. "पृथ्वी मधोमध ठेवली, नसलेला राहू आकाशात बसवला आणि पिढ्यान् पिढ्या ग्रहणं काढली. बरं, लागलीही! मग राहू खरा का?" दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मला उत्तर सुचलं. म्हटलं, "चंद्राची वाट आणि सूर्याची वाट जिथे एकमेकींना छेदतात ते ठिकाण म्हणजे राहू. ठिकाण खरंच आहे. खोटं आहे ते त्याला लावलेलं मुंडकं." ते खो खो हसले. "वा! म्हणजे मुंडकं टाकायचं, ठिकाण ठेवायचं. पण आजच्या शास्त्रातलं मुंडकं कुठलं आणि ठिकाण कुठलं, हे आज कोण सांगणार?"

खोटं कशाला बोलू, मला ही भांडणं आवडायची. माझ्या माहेरी, धायरीला, जेवताना जमिनीचे भाव सोडून दुसरा विषय नसे.

मग दिवाळीत ते सूर्यग्रहण आलं. मला सहावा महिना होता. गरोदरपणात शुगर वाढली म्हणून इन्सुलिन चालू होतं, आणि उपाशी राहायचं नाही, दर दोन-तीन तासांनी खायचंच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूबाईंनी फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली आणि मला म्हणाल्या, "तुला सूट आहे गं. दुपारी लवकर जेवून घे. मग मात्र ग्रहण सुटेपर्यंत काही खायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. एका जागी बस. चिरलंस तर बाळाच्या ओठाला नाहीतर कानाला चीर पडते."

त्या दुष्ट नाहीत. माझ्या प्रत्येक सोनोग्राफीला त्याच बरोबर आल्या. पण इन्सुलिन टोचून घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत उपाशी बसायचं म्हणजे साखर एकदम खाली घसरणार, हे त्यांना कळत नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "चिल गं. जस्ट काही तासांचा प्रश्न आहे." आईला फोन केला तर तीही तसलीच. "पाळ की एक दिवस, काय जातंय तुझं?" राहिले बाबा. म्हटलं, हा माणूस तरी बोलेल. यांना माहितीये की चंद्राची सावली आहे, संपला विषय.

बाबांनी दिवाळी अंकातून डोकं वर काढलं. "हे बघ," ते म्हणाले, "दोन्ही बाजूंनी बोलता येतं."

दोन्ही बाजूंनी! माझ्या पोटात जीव, अंगात इन्सुलिन, आणि यांना दोन बाजू दिसतायत! "बाबा, इथे कसल्या दोन बाजू?" मी विचारलं. तर म्हणे, शास्त्राकडे आज याचं कारण नाही म्हणून संबंधच नाही असं म्हणणं हीसुद्धा एक श्रद्धाच झाली. सासूबाईंना त्यातलं फक्त "श्रद्धा" कळलं आणि त्या मान डोलवायला लागल्या. मी खुर्चीत जाऊन बसले. सणाच्या दिवशी तमाशा नको म्हणून बसले.

संध्याकाळी हात थरथरायला लागले. कपाळाला घाम, डोळ्यांपुढे काळे ठिपके. बाहेर ऊन पिवळट झालं होतं, गॅलऱ्यांत माणसं चष्मे लावून उभी होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले, आधी चमचाभर साखर तोंडात टाकली, मग सुरी घेतली, ओट्यावरचा पेरू चिरला, मीठ लावलं आणि तिथेच उभ्यानं खाल्ला. सासूबाई दारात येऊन "अगं, अगं!" एवढंच म्हणाल्या आणि देवापुढे जाऊन रडायला लागल्या. बाबा गॅलरीत होते. त्यांना ऐकू आलं होतं, पण ते आत आले नाहीत.

जानेवारीत मुलगी झाली. सव्वातीन किलोची, रडकी, भरपूर जावळाची. उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खाच होती. बारीक, पण स्वच्छ, नखानं दाबल्यासारखी.

आता काय म्हणायचं? मी इतकी वर्षं ओरडत होते ना, की भाकीत खरं ठरतं म्हणजे त्यामागे काहीतरी खरं असतं? घ्या. सासूबाईंनी तीन महिने आधी सांगितलं होतं, ओठाला नाहीतर कानाला. मुलांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "असं असतं काही बाळांना. ऐकण्याशी संबंध नाही. नेमकं कशामुळे, ते सांगता येत नाही." प्रामाणिक माणूस. पण मला इतका राग आला त्यांचा! ज्यांना काही माहीत नाही त्यांच्याकडे कारण तयार, आणि ज्यांना माहीत असायला हवं ते खांदे उडवतायत. उत्तर मला ठाऊक होतं. ग्रहणात चिरून, शिवून, धडधाकट पोरं झालेल्या बायका कोणी मोजत नाही. पाळूनही खाच घेऊन आलेली पोरं कोणी आठवत नाही. एका खाचेनं काही सिद्ध होत नाही. हे मी फळ्यावर लिहून समजावू शकते. बाळंतिणीच्या खाटेवर ते स्वतःला समजावताना मात्र मी रडले, आणि रडले याचाही मला संताप आला.

सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त बाळाच्या डोक्यावर टोपडं असायचं. मार्चमध्ये पंखा फुल ठेवूनही घामाच्या धारा लागल्या तरी टोपडं. मी काढलं की त्या घालायच्या. बाबा नातीला मांडीवर घेऊन बसायचे आणि कानाकडे बघायचेच नाहीत.

बारसं मार्चमध्येच केलं, घरीच. हॉलमध्ये पाळणा सजवला, घुगऱ्या केल्या. पाळण्याच्या वरून-खालून बायका बाळ एकमेकींच्या हातात देत होत्या, त्यात टोपडं घसरलं. बाळ नेमकं तेव्हा माझ्या नवऱ्याच्या आत्याच्या हातात होतं, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीच्या. त्यांनी कान निरखला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगंबाई! ग्रहण पाळलं नव्हतंस वाटतं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाई खाली बघत होत्या. मला एकच वाक्य हवं होतं, तेही माझ्या तोंडून नाही, कारण आईचं कोण ऐकतंय? आत्यांनीच वाट करून दिली. "काय रे दादा, तू सायन्सचा माणूस. तूच सांग, असतो का संबंध?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तसं ठामपणे काही सांगता येत नाही."

आत्यांनी "बघा!" अशी मान हलवली, बाळ पुढच्या बाईच्या हातात दिलं, आणि बारसं पुढे चालू झालं. मी हसून फोटो काढून घेतले. पेढे वाटले. माझ्या मुलीच्या कानाचा निकाल लागला होता, आणि ती कुठल्याही लग्नात गेली तरी तो तिच्याआधी तिथे पोचणार होता.

बाबा पाणी प्यायला आत आले तेव्हा मी त्यांना गाठलं. "बाबा, तुम्हाला ठामपणे सांगता येतं. रोज सकाळी ती ब्लडप्रेशरची गोळी घेता, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलत नाही तुम्ही. तुमची शंका नेमकी आत्यांसमोरच का उगवते?"

त्यांनी पेला ओट्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "संबंध नाही गं. मला माहीत आहे की नाही."

"मग हे बाहेर जाऊन सांगा."

त्यांनी हॉलकडे पाहिलं. आत्या घुगऱ्यांचा डबा भरून घेत होत्या, बायका चपला शोधत होत्या.

"आता कशाला उगाच विषय वाढवायचा?" बाबा म्हणाले.

मी पाळण्यातून लेकीला उचललं, तिचं टोपडं काढून सासूबाईंच्या हातात दिलं आणि दारापाशी जाऊन आत्यांना म्हटलं, "आत्या, दोन मिनिटं थांबा. मला काही सांगायचंय."