अन्सारभाईने ओळखलेला माणूस

कनेरगाव नाक्यावर अन्सारभाईची कॉफी चहापेक्षा जास्त खपते. तरुणपणी सहा वर्षं तो निजामाबादच्या एका हॉटेलात राबला, तिथून हे वेड घेऊन आला. त्याची भट्टी भिंतीकडे, त्यामुळे गिऱ्हाइकाकडे कायम पाठ. तोंडं बघायला फुरसत नाही, पण मागून ऑर्डर आली की माणूस कुठला ते तो न वळता सांगायचा. "भौ, हाफ दे" म्हणणारा वाशीमचा. "निऱ्या दुधाची, पानी नको" म्हणजे आपला हिंगोलीचा. एका कॉफीचे दोन कप करून "वन बाय टू" मागणारा तेलंगणातला. लोक पैजा लावायचे, हा हरायचा नाही. त्याचा त्याला गर्व होता. गर्व कसला, माजच तो.

गेल्या डिसेंबरात एका सकाळी त्याच्याकडे कॉफी पिऊन निघालेल्या ड्रायव्हरच्या ट्रकनं नाक्यावरच दगडोबाला चिरडलं. म्हातारा बकऱ्या घेऊन रस्ता ओलांडत होता. ट्रक थांबला नाही, वाशीमकडे सुसाट गेला. नंबर कुणी पाहिला नाही. दगडोबाचा पुतण्या रामकिशन रक्तानं माखलेल्या हातांनी हॉटेलात शिरला.

"कुठला होता तो, अन्सारभाई?"

"वन बाय टू मागितली त्यानं. तेलंगणाचाच, बराबर सांगतो."

रामकिशननं रस्त्यात बैलगाडी आडवी घातली. तासाभरानं तेलंगणाचा नंबर असलेला एक ट्रक वाशीमकडूनच आला. पळालेला माणूस त्याच रस्त्यानं परत कशाला येईल, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. ड्रायव्हरला केस धरून खाली ओढलं. क्लीनर तुरीत पळाला. काठ्या सुरू झाल्या, मग त्याच्याच गाडीतली चाक खोलायची लोखंडी टामी कुणीतरी काढली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू गेला.

ड्रायव्हरची किंकाळी ऐकून अन्सारच्या हातातलं पातेलं सुटलं. आवाज कोवळा होता. सकाळच्या माणसाचा चांगला घोगरा होता. तो धावत गेला, गर्दीत घुसला.

"थांबा. मले आवाज ऐकू द्या याचा," तो ओरडला.

रामकिशननं काठी खाली घेतली. बाकीचेही थांबले. अन्सारच्या कानात सकाळचे तेवढेच शब्द होते, म्हणून त्यानं नेमकं तेच विचारलं, "भाई, कॉफी कैसी लेते तुम?"

ड्रायव्हरनं तोंडातलं रक्त थुंकलं. कुणीतरी आपल्याला वाचवायला आलंय, पाणी-कॉफी विचारतंय, असंच त्या बापड्याला वाटलं असणार. तो हात जोडून म्हणाला, "वन बाय टू, भैया. मेरा क्लीनर भी है."

"हा न्हाई," अन्सार म्हणाला. "अरे, आवाज हा न्हाई."

पण त्याचं ऐकतो कोण? लोकांनी फक्त शब्द ऐकले होते. टामी पुन्हा उठली. अन्सार ड्रायव्हरच्या अंगावर पालथा पडला, तेव्हा एका घावात त्याचा डावा हात कोपरातून तुटल्यासारखा लोंबला. दुसरा घाव त्याला चुकवून ड्रायव्हरच्या डोक्यात बसला. मग मात्र माणसं पांगली, जशी अशी माणसं नेहमी पांगतात.

दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये ड्रायव्हरचं डोकं अन्सारच्या मांडीवर होतं. नाव मल्लेश, एवढं कळलं. हिंगोली यायच्या आत त्याचा श्वास थांबला. अन्सार त्याला हाका मारत राहिला आणि लेकरासारखा रडला.

दवाखान्यात जमादार जबाब घ्यायला आला. "कुणीकुणी मारलं? नावं सांग."

दाराबाहेरून अन्सारची बायको जाहेदा खुणा करत होती की गप्प राहा, गावात राहायचंय. अन्सारनं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"लिव्हा साहेब, सगळ्यायची सांगतो," तो म्हणाला. "पहिलं नाव माझं लिव्हा. अन्सार."